ध्वनिमुद्रिका-परीक्षणाची मराठी परंपरा : नोंद, वर्णन आणि निर्णय
(ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

संगीताच्या ध्वनिमुद्रिकेचे, आजच्या शब्दात अल्बमचे, परीक्षण हा वृत्तपत्रीय लेखनाचा किरकोळ प्रकार समजला जातो. मराठीत या लेखनामागे एक गंभीर परंपरा आहे. ध्वनिमुद्रण न झालेल्या गायकांचे गाणे शब्दांत जतन करण्याच्या गरजेतून ती घडली. प्रस्तुत लेखात या परंपरेचा मागोवा घेऊन चांगल्या परीक्षणाची अंगे कोणती, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. तसेच ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील ध्वनिमुद्रित संगीताची लिखित नोंद न राहिल्यास कोणते नुकसान संभवते, याचाही विचार केला आहे.

महत्त्वाचे शब्द : ध्वनिमुद्रिका, संगीतसमीक्षा, तबकडी, भावगीत, जनसंगीत, स्थानिक इतिहास

१. प्रस्तावना

कल्याण गायन समाजाच्या संगीत महोत्सवाचे नाव ‘देवगंधर्व महोत्सव’ असे आहे. ‘देवगंधर्व’ हे गायनाचार्य भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे बिरुद. बुवांनी १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. मास्टर कृष्णराव, बालगंधर्व, गोविंदराव टेंबे यांच्यासारखी मंडळी त्यांच्या शिष्यवर्गात होती. परंतु बुवांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. त्यांच्या हयातीत तबकड्यांचा व्यवसाय भरभराटीला आला होता. त्यांचे शिष्य तबकड्यांसाठी गातही होते. तरीही बुवांचा स्वतःचा आवाज पुढील पिढ्यांना ऐकावयास मिळाला नाही.

असे असूनही बुवांचे गाणे विस्मृतीत गेले नाही. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तीन गायकींचे संस्कार त्यांनी कसे पचविले, मैफल कशी रंगविली आणि ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकाच्या पदांना चाली देताना रागदारीला रंगभूमीवर कसे आणले, याची माहिती आजच्या अभ्यासकाला मिळते. ही माहिती शिष्यपरंपरेतून आणि लेखनातून आलेली आहे. जेथे ध्वनी उरला नाही तेथे शब्दाने इतिहास राखला.

आजची परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. ध्वनिमुद्रण अतिशय सुलभ झाले असून ठाणे जिल्ह्यातील लहानमोठ्या कलावंतांचे अल्बम सहज प्रकाशित होतात. मात्र त्यांपैकी बहुतेकांविषयी प्रकाशनसमारंभाच्या बातमीपलीकडे काहीच लिहिले जात नाही. ध्वनी आहे, पण त्याचा इतिहास नाही, अशी ही अवस्था आहे. या पार्श्वभूमीवर ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण कसे लिहावे, हा प्रश्न संगीताच्या अभ्यासकांप्रमाणे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनाही महत्त्वाचा ठरतो.

२. तबकडीचे आगमन आणि लेखनापुढील नवा प्रश्न

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गायसबर्ग यांनी गौहरजान यांच्यासह अनेक कलावंतांचे गायन मुद्रित केले. या मुद्रणांवरून तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत असत. गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत असे, ते परदेशातील कारागिरांना तबकडी ओळखता यावी म्हणून. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि तबकडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली.

या तंत्राने संगीतावर वेळेचे कठोर बंधन घातले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचेच मुद्रण होत असे. मैफलीत तासभर चालणारा ख्याल एवढ्या वेळात बसविताना आलाप आटोपता घ्यावा लागे, लय वाढवावी लागे आणि ताना निवडून घ्याव्या लागत. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांतील ठुमऱ्या आजही परिपूर्ण वाटतात, याचे एक कारण हे बंधन त्यांनी रचनेचा भाग बनविले हे होय. केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांतून अवकाशात पाठविण्यात आली. ती साडेतीन मिनिटांचीच आहे. याउलट अल्लादिया खाँ यांच्यासारख्या श्रेष्ठ गायकाची व्यावसायिक ध्वनिमुद्रिका निघालीच नाही. त्यांच्या गायकीविषयीच्या ज्ञानाचा मोठा भाग शिष्यांच्या गाण्यातून आणि गोविंदराव टेंबे यांनी लिहिलेल्या चरित्रासारख्या लेखनातून मिळतो.

तबकडीमुळे लेखकापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. मैफलीचे वर्णन वाचणाऱ्याला ती मैफल पुन्हा ऐकता येत नसे, त्यामुळे लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. तबकडी मात्र वाचकाच्या घरीही असू शकते. तो सुई पुन्हा पहिल्या वर्तुळावर ठेवून लेखकाचे विधान पडताळून पाहू शकतो. ‘गाणे बहारदार झाले’ एवढे सांगून यापुढे भागणार नव्हते. इंग्लंडमध्ये कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेंझी यांनी १९२३ मध्ये ‘द ग्रामोफोन’ हे मासिक सुरू केले. त्यात केवळ नव्या तबकड्यांचे परीक्षण करण्याची प्रथा रुजली. एकाच रचनेची दोन मुद्रणे शेजारी ठेवून तुलना करणे, मुद्रणाचा दर्जा आणि वादनाचा दर्जा यांचा वेगवेगळा विचार करणे, ही त्या लेखनाची वैशिष्ट्ये होत. मराठीत अशा प्रकारचे स्वतंत्र व दीर्घजीवी नियतकालिक निर्माण झाले नाही. तबकड्यांविषयीचा विचार गायकांवरील लेख, आठवणी व सौंदर्यविचार यांच्या पोटातच होत राहिला.

३. मराठी संगीतसमीक्षेने दिलेले निकष

ही मर्यादा असली तरी परीक्षणासाठी लागणारी साधने मराठी लेखकांनीच सिद्ध करून ठेवली आहेत.

केशवराव भोळे (जन्म १८९६) यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने समकालीन गायकांवर लेखन केले. ‘आजचे प्रसिद्ध गायक’ हे त्यांचे पुस्तक याच लेखनातून सिद्ध झाले. नावाजलेल्या गायकाचे गुण सांगताना त्याचे दोषही त्यांनी संकोच न करता नोंदविले. त्यांच्या लेखनाचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) इत्यादी चित्रपटांचे ते संगीत दिग्दर्शक होते. ध्वनिक्षेपकापुढे आवाज कसा बदलतो, वाद्यमेळ कसा बसवावा लागतो, याचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या कामाकडेही चिकित्सक दृष्टीने पाहिले. मुद्रित संगीत घडते कसे, हे जाणल्याशिवाय त्याचे मूल्यमापन होऊ शकत नाही, हा धडा भोळे यांच्या लेखनातून मिळतो.

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ हे १९३९ मधील पुस्तक वर्णनाचा आदर्श म्हणता येईल. स्वतः वादक, नट व संगीतकार असल्याने गायकाने नेमके काय केले हे ते क्रियेच्या भाषेत सांगू शकतात. बी. आर. देवधर (१९०१–१९९०) यांनी ‘संगीत कला विहार’ या मासिकातून व पुढे ‘थोर संगीतकार’ या पुस्तकातून कलावंतांची तालीम, परंपरा व प्रसंग यांची जी माहिती जमविली, ती नोंदीच्या अंगाने मोलाची आहे.

वामनराव देशपांडे (१९०७–१९९०) यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या मौज प्रकाशनाच्या ग्रंथात निर्णयासाठी एक स्पष्ट मोजपट्टी दिली. स्वर आणि लय या दोन तत्त्वांच्या प्रमाणावरून त्यांनी घराण्यांची मांडणी केली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला आणि जयपूर या दोहोंचा समतोल साधणारे, असा त्यांचा सिद्धान्त आहे. तो सर्वांना मान्य झाला असे नाही. परंतु लेखकाने मोजपट्टी उघडपणे मांडली की वाचकाला तिच्याशी वाद घालता येतो. मोजपट्टी झाकून ठेवलेला निर्णय ही केवळ आवडनिवड ठरते.

डॉ. अशोक रानडे (१९३७–२०११) यांनी पुढचा टप्पा गाठला. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीतकोटींची कल्पना मांडून त्यांनी प्रत्येक कोटीचे प्रयोजन वेगळे असल्याचे दाखविले. जनसंगीताला कलासंगीताच्या निकषांनी नापास करणे ही यामुळे विचारातील चूक ठरते. अल्बमच्या परीक्षकाला ही दृष्टी सर्वांत उपयोगी आहे. कारण आजच्या अल्बममध्ये ख्यालापासून हळदीच्या गाण्यांपर्यंत सर्व काही असते.

४. ठाणे, कल्याण व डोंबिवली : श्रोते, कलावंत व मुद्रित संगीत

बोरीबंदर ते ठाणे हा रेल्वेमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला आणि १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत पोहोचला. १८६४ मध्ये कल्याण सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ मध्ये ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. पुढे मुंबईतील चाळींतून उपनगरांकडे सरकलेल्या मराठी मध्यमवर्गाने गाण्याची आवडही बरोबर आणली. १९७८ मध्ये ठाण्यात राम गणेश गडकरी रंगायतन उभे राहिले. वाचनालय, गायन समाज आणि नाट्यगृह या संस्थांमुळे येथे जाणता श्रोता घडला. परीक्षणाला वाचक लागतो. तो या परिसरात होता व आहे.

या परिसराशी निगडित तीन उदाहरणांवरून परीक्षणाच्या तीन वेगळ्या अडचणी स्पष्ट होतात.

पहिले उदाहरण पं. राम मराठे (१९२४–१९८९) यांचे. ठाणे ही त्यांची कर्मभूमी, आणि त्यांच्या स्मरणार्थ ठाण्यात संगीत महोत्सव होतो. विद्याधर गोखले यांच्या ‘मंदारमाला’ (१९६३) या नाटकातील त्यांचे गायन अतिशय गाजले. नाटकाचे संगीतही त्यांचेच. रंगमंचावरील पद प्रेक्षकांच्या प्रतिसादानुसार वाढत जाते, ‘वन्स मोअर’ घेते, प्रत्येक प्रयोगात थोडे बदलते. मुद्रिकेवर त्याचा एकच आटोपशीर पाठ उरतो. नाट्यपदाच्या अल्बमचे परीक्षण करणाऱ्याने हा फरक लक्षात न घेतल्यास मुद्रिकेचे दोष गायकाच्या आणि गायकाचे गुण मुद्रिकेच्या खाती जमा होतात.

दुसरे उदाहरण जनकवी पी. सावळाराम (१९१४–१९९७) यांचे. त्यांनी ठाण्याचे नगराध्यक्षपद भूषविले. वसंत प्रभू यांच्या चाली व लता मंगेशकर यांचा स्वर यांच्या साह्याने त्यांची गीते आकाशवाणी व तबकड्यांमार्फत घरोघर पोहोचली. भावगीतात शब्द, चाल व गायन यांचे श्रेय तिघांत विभागलेले असते. शब्दार्थाची लय आणि चालीची लय कोठे जुळते, कोठे चालीने शब्दाला मागे सारले आहे, याची चिकित्सा भावगीताच्या परीक्षणात व्हावयास हवी. प्रत्यक्षात साहित्यसमीक्षेने या गीतांना ‘गाणी’ म्हणून बाजूला ठेवले, तर संगीतसमीक्षेने ‘सुगम’ म्हणून. गीतप्रकार अतोनात लोकप्रिय आणि त्याची समीक्षा तुटपुंजी, अशी विसंगती यातून निर्माण झाली.

तिसरे उदाहरण आगरी-कोळी गीतांचे. कॅसेटच्या आगमनाने १९८० च्या दशकात मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक संगीताला बाजार मिळाला. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात या स्थित्यंतराचा उत्तर भारताच्या संदर्भात अभ्यास केला आहे. ठाणे-रायगड पट्ट्यात हळदी समारंभाची गाणी, भीमगीते व देवदेवतांची गाणी कॅसेटमुळे गावोगाव वाजू लागली. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्यासारख्या गायकाचा श्रोतृवर्ग कोणत्याही मैफलीच्या गायकाला हेवा वाटावा इतका विशाल होता. डोंबिवली-कल्याणलगतच्या आगरी गावांत लग्नविधीच्या वेळी धवलारीण धवला गाते. ही मौखिक परंपरा व बेंजो-ढोलकीच्या तालावरील हळदीचा अल्बम यांचे नाते काय, विधीतील कोणता भाग अल्बममध्ये आला व कोणता गळला, हे प्रश्न परीक्षकाने विचारावयास हवेत. ते विचारणारे लेखन फारसे झाले नाही. या संगीतापाशी भास्करबुवांना न लाभलेला ध्वनी आहे. बुवांना लाभलेला लेखक मात्र नाही.

५. चांगल्या परीक्षणाची अंगे

उपरोक्त विवेचनावरून परीक्षणाची तीन अंगे निश्चित करता येतात. त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे.

(अ) नोंद : परीक्षणात प्रथम मुद्रिकेची ओळख यावी. कलावंत, गीतकार, संगीतकार, साथीदार, ध्वनिमुद्रक, मुद्रणाचे स्थळ व साल, प्रकाशक, प्रत्येक रचनेचा कालावधी आणि शास्त्रीय संगीत असल्यास राग व ताल, ही ती माहिती होय. जुन्या तबकडीच्या लेबलवर सहसा तबलजीचे किंवा पेटीवाल्याचे नाव नसे. एल.पी.च्या वेष्टनावर विस्तृत मजकूर येऊ लागला; कॅसेट व सी.डी.मध्ये तो आकसला. इंटरनेटवरून ऐकल्या जाणाऱ्या अल्बममध्ये तो बहुधा नाहीसाच झाला. वेष्टनाने सोडून दिलेले हे काम आता परीक्षणाकडे आले आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने आणि मायकेल किनिअर यांच्यासारख्या संशोधकांनी जुन्या तबकड्यांच्या सूची करण्यासाठी किती परिश्रम घेतले, हे पाहिले म्हणजे वेळीच न केलेल्या नोंदीची किंमत समजते.

(आ) वर्णन : वर्णन असे असावे की वाचकाने मुद्रिका लावली असता त्याला ते सापडावे. ‘स्वर्गीय आनंद’, ‘कानांचे पारणे फिटले’, ‘स्वरांची बरसात’ ही विशेषणे कोणत्याही गायकाला चिकटविता येतात, म्हणून ती कोणाविषयीच काही सांगत नाहीत. त्याऐवजी गायक समेवर कसा येतो, मुखडा प्रत्येक आवर्तनात बदलतो की तसाच राहतो, तार षड्जावर आवाज पातळ होतो काय, तबल्याची साथ गायनाला जागा देते की झाकून टाकते, हे सांगावे. उस्ताद अमीर खाँ यांच्या १९६० मधील एल.पी.वर एका बाजूस मारवा व दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. तिचे वर्णन करताना अतिविलंबित लयीतील बढत एका बाजूच्या मर्यादित वेळातही घाई न करता कशी साधली, हे सांगणे ‘गंभीर गायन’ या शेऱ्यापेक्षा शतपटीने उपयुक्त ठरेल. यासाठी मुद्रिका किमान तीनदा ऐकणे आवश्यक आहे : प्रथम सलग, काहीही न लिहिता, दुसऱ्यांदा कालावधीसह टिपणे घेत, आणि तिसऱ्यांदा त्याच कलावंताच्या वा त्याच रचनेच्या अन्य मुद्रणाशी ताडून. पहिल्या श्रवणातील मत तिसऱ्या श्रवणानंतर टिकले तरच ते लिहावे.

अल्बम म्हणजे सुट्या रचनांची बेरीज नव्हे. रचनांचा क्रम, लयींची चढती मांडणी, एकाच भावाची पुनरुक्ती, आरंभ व शेवट यांचाही विचार वर्णनात यावा. आठ गीतांच्या अल्बममधील आठही गीतांवर प्रत्येकी दोन ओळी लिहिण्यापेक्षा दोन-तीन रचना निवडून त्यांच्या आधारे संपूर्ण मुद्रिकेचे स्वरूप उलगडणे श्रेयस्कर होय.

(इ) निर्णय : निर्णय टाळणे हा नम्रपणा नव्हे. परंतु तो निकषासह व कोटीचे भान ठेवून द्यावा. हळदीच्या गाण्यात रागाची शुद्धता शोधणे जितके अनाठायी, तितकेच ख्यालाच्या मुद्रिकेत ‘ठेका धरायला लावणारे’ गुण शोधणे अनाठायी. कलावंताने जे साधावयाचे ठरविले ते त्याला साधले काय, आणि ते साधण्याजोगे होते काय, हे दोन प्रश्न बहुतेक सर्व कोटींना लागू पडतात. मुद्रणातील दोष, साथीतील दोष व गायनातील दोष वेगळे दाखवावेत. नवोदित कलावंताच्या पहिल्या अल्बमविषयी लिहिताना भाषा सौम्य असावी. निरीक्षण मात्र सौम्य करू नये.

येथे स्थानिक परीक्षकापुढील एका खऱ्या अडचणीचा उल्लेख आवश्यक आहे. ठाणे वा डोंबिवलीसारख्या शहरात कलावंत, आयोजक, संपादक व परीक्षक एकमेकांना ओळखतात. अनेकदा ते एकाच गुरूचे शिष्य असतात. प्रतिकूल अभिप्राय वैयक्तिक वैराचे रूप घेईल या भीतीने परीक्षणाची जागा अभिनंदनपर मजकूर घेतो. भोळे यांनी ‘एकलव्य’ या नावाआडून लिहिले, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. टोपणनाव हा एक मार्ग झाला. अधिक टिकाऊ मार्ग म्हणजे नोंद व वर्णन इतके भक्कम करणे की निर्णयाशी असहमत असलेल्या कलावंतालाही ते परीक्षण स्वतःच्या कामाची कागदपत्रे म्हणून जपून ठेवावेसे वाटेल.

६. समारोप

मराठी संगीतलेखनाचा उत्कर्ष ज्या काळात झाला, त्या काळात लेखकाला ठाऊक होते की आपण लिहिले नाही तर हे गाणे उरणार नाही. ध्वनिमुद्रणाने ही निकड संपविली, असा सार्वत्रिक समज झाला. परंतु मुद्रिका केवळ आवाज राखते. तो आवाज कोणत्या परंपरेतून आला, कोणासाठी निघाला, कोणत्या मर्यादांत घडला आणि जाणत्या श्रोत्याला तो कसा वाटला, हे ती सांगत नाही. ते सांगणे हेच परीक्षणाचे कार्य होय.

म्हणून ध्वनिमुद्रिका-परीक्षण हे संगीत विभागापुरते मर्यादित न ठेवता इतिहास, मराठी व समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनीही अभ्यासाच्या कक्षेत आणणे उचित ठरेल. कल्याण-डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांत आगरी, कोळी, आंबेडकरी व मध्यमवर्गीय अशा सर्व श्रोतृसमूहांतील विद्यार्थी एकाच वर्गात बसतात. प्रत्येकाच्या घरी कोणत्या ना कोणत्या कॅसेट वा सी.डी. आजही सापडतात, त्या वाजविणारी यंत्रे मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत, आणि त्या गाणाऱ्या-वाजविणाऱ्या पिढीचे वय होत चालले आहे. अशा एका मुद्रिकेचे नोंद, वर्णन व निर्णय या क्रमाने लिहिलेले परीक्षण हा प्रकल्पलेखनाचा उत्तम विषय होऊ शकतो. साथीदारांची नावे सांगू शकणारी माणसे हयात आहेत तोवरच त्यातील पहिले अंग पूर्ण करता येईल.